टोमॅटोची हिवाळी बेगमी : अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील टोमॅटो मंडळे आणि ग्रामीण स्त्रिया (१९१० ते १९४५)

प्रस्तावना

ज्या ऋतूत पिकते त्या ऋतूत साठवावे आणि ज्या ऋतूत पिकत नाही त्या ऋतूत पुरवून खावे, हा गृहव्यवस्थेचा नियम जगात सर्वत्र आढळतो. महाराष्ट्रात चैत्र-वैशाखातील वाळवणे, सांडगे, लोणची व मुरांबे यांची बेगमी प्रामुख्याने पावसाळ्यासाठी केली जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हीच बेगमी हिवाळ्यासाठी होत असे आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्यात टोमॅटोला अग्रस्थान प्राप्त झाले होते. उन्हाळ्यात परसात पिकलेला टोमॅटो सोलून, उकळून, हवाबंद बरणीत भरून तळघरातील फळीवर ठेवणे हे तेथील असंख्य घरांतील वार्षिक काम होते.

हे काम घरातील स्त्रियांचे असल्यामुळे त्याची नोंद इतिहासाच्या ग्रंथांत दीर्घकाळ झाली नाही. तथापि १९१० साली दक्षिण कॅरोलायना राज्यातील एका शिक्षिकेने शाळकरी मुलींसाठी टोमॅटो मंडळ सुरू केले आणि पुढील चार-पाच वर्षांत या घरगुती कामाला शासकीय कृषिविस्तार यंत्रणेत स्थान मिळाले. त्यामुळे एरवी कागदावर न आलेल्या ग्रामीण मुलींच्या श्रमांचे, उत्पन्नाचे व आकांक्षांचे लेखी पुरावे प्रथमच मोठ्या प्रमाणावर निर्माण झाले. एलिझाबेथ एंगेलहार्ट यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दक्षिणेतील अन्नसंस्कृतीचा विचार करताना या मंडळांची विशेष दखल घेतली आहे.

प्रस्तुत लेखात या चळवळीचा आढावा तीन प्रश्नांच्या अनुषंगाने घेण्यात आला आहे. अन्न सुरक्षितपणे टिकवण्याचे ज्ञान कोणाकडून कोणाकडे गेले? त्यातून मिळालेला पैसा कोणाच्या हाती आला? आणि या लाभापासून कोणाला दूर ठेवण्यात आले? टोमॅटोच्या बरणीचे महत्त्व या तीन प्रश्नांच्या उत्तरांत आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. हवाबंद साठवणुकीची पार्श्वभूमी

वाळवणे, खारवणे, धुरी देणे व साखरेत मुरवणे या अन्न टिकवण्याच्या प्राचीन पद्धती होत. परंतु टोमॅटोत पाण्याचे प्रमाण फार मोठे असते. दक्षिण इटलीसारख्या कोरड्या उन्हाच्या प्रदेशात तो वाळवता येतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातील दमट उन्हाळ्यात तो वाळण्यापूर्वीच कुजण्याची भीती असते. त्यामुळे टोमॅटोची मोठ्या प्रमाणावरील साठवण हवाबंद भांड्याचे तंत्र उपलब्ध झाल्यानंतरच शक्य झाली.

या तंत्राचा पाया फ्रान्समधील निकोला आपेर या मिठाई व्यावसायिकाने घातला. काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून त्या उकळत्या पाण्यात ठेवल्यास आतील पदार्थ दीर्घकाळ टिकतो, हे त्याने प्रयोगांती सिद्ध केले. १८१० साली फ्रेंच शासनाने त्याला १२,००० फ्रँकचे पारितोषिक दिले आणि त्याच वर्षी त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंड याने धातूच्या डब्यांचा समावेश असलेले एकस्व घेतले. अन्न का टिकते याचे शास्त्रीय स्पष्टीकरण मात्र आपेरला ज्ञात नव्हते. लुई पाश्चरच्या सूक्ष्मजीवविषयक संशोधनानंतर, म्हणजे सुमारे अर्ध्या शतकाने, ते उपलब्ध झाले.

घरगुती साठवणुकीच्या दृष्टीने निर्णायक टप्पा १८५८ साली आला. त्या वर्षी ३० नोव्हेंबर रोजी जॉन लँडिस मेसन याला आटे असलेल्या तोंडाच्या काचेच्या बरणीचे व जस्ताच्या झाकणाचे एकस्व मिळाले. बूच, मेण व लाख यांची खटपट संपली आणि एकच बरणी दरवर्षी वापरता येऊ लागली. एकस्वाची मुदत संपल्यावर अनेक कारखान्यांनी अशा बरण्या तयार केल्या. बॉल बंधूंनी १८८४ च्या सुमारास बफेलो येथे हे उत्पादन सुरू केले व पुढे ते इंडियाना राज्यातील मन्सी येथे नेले. विसाव्या शतकाच्या आरंभी बरणी स्वस्त झाली होती. परंतु ती बिनधोक कशी भरावी याचे ज्ञान खेड्यापाड्यांत पोहोचलेले नव्हते.

२. दक्षिणेतील शेती, कर्ज आणि हिवाळ्यातील आहार

यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापूस हे एकमेव नगदी पीक प्रबळ झाले. भूमिहीन कृष्णवर्णीय कुटुंबे आणि मोठ्या संख्येने गरीब गोरी कुटुंबे वाट्याने शेती करीत. हंगामाच्या आरंभी धान्य, खारवलेले डुकराचे मांस, काकवी, कापड व खत ही सामग्री दुकानदाराकडून किंवा जमीनमालकाकडून उधारीवर घ्यावयाची आणि कापूस आल्यावर व्याजासह फेड करावयाची, अशी पद्धत होती. येणाऱ्या पिकावरच बोजा असल्याने कोणते पीक घ्यावे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य कुळाला क्वचितच असे. अनेक ठिकाणी कापसाची लागवड घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन भिडत असे व परसबागेला जागा उरत नसे.

याचा परिणाम आहारावर झाला. हिवाळ्यात व वसंताच्या प्रारंभी मक्याचे पीठ, चरबीयुक्त मांस व काकवी यांवरच अनेक कुटुंबांची गुजराण होई. पेलाग्रा हा रोग या प्रदेशात मोठ्या प्रमाणावर पसरला होता. अमेरिकन सार्वजनिक आरोग्यसेवेतील डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून केलेल्या अभ्यासातून हा रोग संसर्गजन्य नसून निकृष्ट आहारामुळे होतो, असे दाखवून दिले. त्यामागील नेमका घटक, म्हणजे निकोटिनिक आम्ल, १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेम यांच्या संशोधनातून निश्चित झाला. एकट्या टोमॅटोने पेलाग्रा बरा होत होता, असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. परंतु हिवाळ्यातील एकसुरी ताटात आंबट, रसदार व क जीवनसत्त्वयुक्त पदार्थ येणे ही लहान बाब नव्हती. शिवाय घरातील फळीवर जेवढ्या बरण्या असतील तेवढी दुकानदाराची उधारी कमी होई. या अर्थाने टोमॅटोची बेगमी हा कर्जाच्या विळख्यातून थोडा तरी मोकळा श्वास घेण्याचा मार्ग होता.

३. टोमॅटो मंडळांचा उदय

कृषी खात्याचे अधिकारी सीमन नॅप यांनी १९०३ साली टेक्सासमधील टेरेल येथे शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतावर प्रात्यक्षिक दाखवण्याची पद्धत सुरू केली होती. ऐकलेल्या आणि वाचलेल्या गोष्टीपेक्षा स्वतः करून पाहिलेल्या गोष्टीवर शेतकऱ्याचा विश्वास बसतो, ही त्यांची धारणा होती. कापसावरील बोंडभुंग्याच्या संकटामुळे या पद्धतीला चालना मिळाली. पुढे मुलग्यांची मका मंडळे स्थापन झाली. त्यांत प्रत्येक मुलाने एक एकर जमिनीवर सुधारित पद्धतीने मका पिकवावयाचा असे.

दक्षिण कॅरोलायनातील एकेन काउंटीतील शिक्षिका मेरी क्रोमर यांनी १९०९ च्या अखेरीस शिक्षकांच्या एका सभेत या मका मंडळांविषयी ऐकले. मुलग्यांसाठी असे काही असेल तर मुलींसाठी का असू नये, हा विचार त्यांच्या मनात आला आणि १९१० साली त्यांनी सुमारे ४७ मुलींचे पहिले टोमॅटो मंडळ स्थापन केले. प्रत्येक मुलीने एक दशांश एकर, म्हणजे महाराष्ट्रातील मापाने चार गुंठे, जमिनीवर टोमॅटो लावावयाचे, निगा स्वतः राखावयाची आणि आलेले पीक डबाबंद करावयाचे, असा नियम होता. पहिल्या वर्षी प्रथम आलेल्या मुलीने आपल्या चार गुंठ्यांतून पाचशेहून अधिक डबे भरले आणि तिला विन्थ्रॉप महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. खेड्यातील मुलीचे महाविद्यालयीन शिक्षण ही त्या काळी दुर्मीळ बाब होती, हे लक्षात घेतल्यास या पारितोषिकाचे मोल कळून येते.

मुलाला एक एकर आणि मुलीला त्याचा दहावा हिस्सा, या विभागणीत त्या काळातील स्त्री-पुरुषविषयक समजुती स्पष्ट दिसतात. मुलीचे काम घराच्या कुंपणापर्यंतच असावे, असा त्यामागे संकेत होता. पुरस्कर्त्यांनी चळवळीची मांडणीही भावी गृहिणींचे शिक्षण अशीच केली. मात्र व्यवहारात या चार गुंठ्यांवर मुलीचा शब्द चालत असे. नांगरट वडील वा भाऊ करून देत. लागवड, छाटणी, काढणी, डबाबंदी आणि विक्री यांचा निर्णय मंडळाच्या नियमानुसार मुलीकडे राहत असे.

ही कल्पना झपाट्याने पसरली. व्हर्जिनियात १९१० मध्येच एला ॲग्न्यू यांची नेमणूक झाली. मिसिसिपीत सूझी पॉवेल यांनी, तर उत्तर कॅरोलायनात जेन मॅकिमन यांनी १९११ पासून या कामाचे नेतृत्व केले. मॅकिमन यांचे काम आरंभी १४ काउंट्यांत सुरू झाले. त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेला आपल्या कार्याचा वृत्तान्त या विषयाचे महत्त्वाचे साधन मानला जातो. ८ मे १९१४ रोजी संमत झालेल्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी व गृहविज्ञान या दोन्ही क्षेत्रांतील विस्तारकार्याला केंद्र व राज्य शासनांचा संयुक्त निधी उपलब्ध करून दिला. मुलींच्या टोमॅटो मंडळांतून वाढलेले काम अशा प्रकारे शासनाच्या स्थायी यंत्रणेचा भाग झाले. त्यातून पगारी गृह-प्रात्यक्षिक कार्यकर्तीचे पद रूढ झाले आणि ग्रामीण भागात सुशिक्षित स्त्रीला शाळेबाहेर नोकरीचे एक नवे क्षेत्र खुले झाले.

४. डबाबंदीची प्रक्रिया आणि हिशेबाची वही

या मंडळांचे काम कष्टाचे होते. डबाबंदी भर उन्हाळ्यात, बहुधा उघड्यावर केली जाई. खाली चूल, वर पाण्याची मोठी टाकी व बाजूला धुराडे, असे साधे यंत्र एखाद्या घराच्या अंगणात किंवा शाळेच्या आवारात मांडले जाई. टोमॅटो क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून लगेच थंड पाण्यात टाकले की साल सहज निघे. देठाकडील कठीण भाग काढून फळे अखंड भरली जात. विक्रीसाठी प्रामुख्याने पत्र्याचे डबे वापरीत. डब्यावर झाकण ठेवून त्याच्या कडेने तापलेल्या लोखंडी हत्याराने डाख दिला जाई. झाकणातील बारीक छिद्रातून आतील हवा बाहेर पडेपर्यंत डबा गरम करावयाचा, मग तेही छिद्र डाख देऊन बुजवावयाचे आणि शेवटी डबा ठरलेल्या वेळेपर्यंत उकळावयाचा, असा क्रम होता. शाळकरी मुली वितळलेल्या धातूचे हे काम सफाईने करीत, याचे समकालीनांना विशेष कौतुक वाटे.

विक्रीच्या मालाला प्रमाणबद्धता आवश्यक होती. डब्यात पाणी घालून वजन वाढवू नये, फळे एकसारखी पिकलेली असावीत, डबा फुगलेला नसावा, अशी बंधने मुलींवर होती. मालाला समान लेबल लावल्याने दूरच्या ग्राहकालाही भरवसा वाटे. मंडळांनी स्वीकारलेले चार पानांच्या क्लोव्हरचे चिन्ह पुढे फोर-एच या युवक चळवळीची खूण म्हणून देशभर प्रसिद्ध झाले.

इतिहासाच्या दृष्टीने या साऱ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिशेबाची वही. प्रत्येक मुलीने रोपे, खत, नांगरट, मजुरी, डबे व लेबले यांवरील खर्च, एकूण उत्पादन, ताजी विक्री, डबाबंद विक्री आणि निव्वळ नफा यांची नोंद ठेवणे बंधनकारक होते. वर्षअखेर आपल्या पिकाची हकिकत लिहून द्यावी लागे. काही मुली ही हकिकत चित्रे काढून, फितीने बांधून, टोमॅटोच्या आकाराचे मुखपृष्ठ करून सादर करीत. ज्या समाजात शेताचा हिशेब दुकानदाराच्या वहीत लिहिला जाई आणि कुळाला तो बहुधा वाचताही येत नसे, त्या समाजात बारा-चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हाताने जमाखर्च मांडणे ही असाधारण घटना होती. मिळालेल्या पैशातून कोणी पुस्तके व कापड घेतले, कोणी शाळेची फी भरली, कोणी घरखर्चास हातभार लावला. रक्कम लहान असली तरी तिच्यावर मुलीचे नाव होते.

५. वर्णभेदाची चौकट

या चळवळीचे मूल्यमापन करताना तिची सर्वांत मोठी मर्यादा नजरेआड करता येत नाही. दक्षिणेतील सार्वजनिक जीवन वर्णभेदाच्या कायद्यांनी विभागलेले होते आणि टोमॅटो मंडळेही त्याला अपवाद नव्हती. गोऱ्या मुलींच्या मंडळांत कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश नव्हता. स्मिथ-लीव्हर कायद्यान्वये येणारा निधी कोणत्या महाविद्यालयामार्फत खर्च करावयाचा हे राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवलेले होते. दक्षिणेतील विधिमंडळांनी तो गोऱ्यांच्या महाविद्यालयांकडे दिला आणि कृष्णवर्णीयांच्या वाट्याला त्यातील अल्प हिस्सा आला.

तरीही कृष्णवर्णीय समाजात हे काम स्वतंत्रपणे उभे राहिले. अलाबामातील टस्कीगी संस्थेने १९०६ सालीच प्रात्यक्षिकांची साधने वाहून नेणारी गाडी खेड्यांत पाठवण्यास प्रारंभ केला होता. १९१२ मध्ये ओक्लाहोमात ॲनी पीटर्स हंटर आणि व्हर्जिनियात मॅटी होम्स यांची गृह-प्रात्यक्षिक कार्यकर्ती म्हणून नेमणूक झाली. जीन्स निधीतून वेतन मिळणाऱ्या शिक्षिका उन्हाळ्याच्या सुटीत गावोगाव जाऊन मुलींची गृहिणी मंडळे चालवीत व भाज्या-फळे साठवण्याचे शिक्षण देत. एकेका शिक्षिकेकडे मोठा प्रदेश, तुटपुंजे वेतन व अपुरी साधने असत.

टस्कीगी येथील शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे कार्य या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या कार्व्हर यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी सोप्या भाषेत पत्रिकांची मालिका लिहिली. १९१८ साली निघालेल्या त्यांच्या ३६ व्या पत्रिकेत टोमॅटोची लागवड आणि तो वापरण्याचे ११५ प्रकार दिलेले आहेत. महागडी साधने नसलेल्या घरात काय करता येईल, हा त्यांच्या लेखनाचा केंद्रबिंदू होता. जेथे कुळाला परसबागेची जागादेखील मालकाकडून मागून घ्यावी लागे, तेथे अशी पत्रिका स्वावलंबनाचा पाठ ठरत असे. गोऱ्या मुलीच्या हाती टोमॅटोने प्रामुख्याने स्वतःचे पैसे दिले. कृष्णवर्णीय कुटुंबात त्याच टोमॅटोला जमीनमालकाच्या दुकानापासून थोडी मुक्ती, असाही अर्थ प्राप्त झाला.

६. सुरक्षिततेचे शास्त्र आणि त्यातील फेरबदल

मंडळांसाठी टोमॅटोचीच निवड झाली, याला शास्त्रीय कारणही होते. टोमॅटो आम्लधर्मी आहे. सूक्ष्मजीवांच्या वाढीस आम्लता प्रतिकूल असल्याने तो साध्या उकळत्या पाण्यात प्रक्रिया करूनही टिकतो. घेवडा, मका, वाटाणा यांसारख्या अल्प आम्लतेच्या भाज्यांचे तसे नाही. हा भेद किती जीवघेणा ठरू शकतो, याची जाणीव पुढील काळात झाली.

१८९५ साली बेल्जियममधील एलझेल या गावी खारवलेले मांस खाऊन विषबाधा झाली. त्या प्रकरणाच्या अभ्यासातून एमिल व्हान एर्मेंगम यांनी बॉट्युलिझमला कारणीभूत असणारा जिवाणू शोधून काढला. या जिवाणूचे बीजाणू १०० अंश सेल्सिअसच्या उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरू शकतात. त्यांना वाढीसाठी प्राणवायू नको असतो. म्हणजेच हवा काढून टाकलेली, अल्प आम्लतेची बरणी त्यांना पोषकच ठरते. अशा बरणीतील अन्नाचा वास वा रंग बदललेला असेलच असे नाही. अर्नेस्ट डिक्सन यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात अमेरिकेतील बॉट्युलिझमचा आणि घरी भरलेल्या भाज्यांचा संबंध स्पष्ट केला. १९१७ सालीच अमेरिकन कृषी खात्याने अल्प आम्लतेच्या पदार्थांसाठी दाबपात्राचा, म्हणजे प्रेशर कुकरच्या जातीच्या भांड्याचा, वापर हाच सुरक्षित मार्ग असल्याचा निष्कर्ष काढला होता. १९२२ मध्ये एस्टी व मेयर यांनी या बीजाणूंचा नाश होण्यास किती उष्णता व किती वेळ लागतो, याचे मापन प्रसिद्ध केले. आजही डबाबंद उद्योगाचे नियम त्या मापनाच्या पायावर उभे आहेत.

टोमॅटोविषयीचा निश्चिंतपणा मात्र आणखी काही दशके टिकला. पुढे असे आढळले की टोमॅटोचा सामू ४.६ या सुरक्षित मर्यादेच्या अगदी जवळपास असतो. वाण, जमीन, पक्वता यांनुसार तो त्या मर्यादेपलीकडेही जाऊ शकतो. अतिपक्व फळे आणि हिमपाताने मेलेल्या वेलींवरील फळे कमी आम्ल असू शकतात. टोमॅटोत भेंडी, मका वा कांदा मिसळण्याची दक्षिणेतील जुनी रीतही आम्लता घटवते. म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कृषी खात्याच्या मार्गदर्शनात टोमॅटोतही आम्ल घालण्याची सूचना करण्यात येते. एका क्वार्टच्या, म्हणजे सुमारे ०.९५ लिटरच्या, बरणीत बाटलीबंद लिंबूरसाचे दोन मोठे चमचे किंवा अर्धा लहान चमचा सायट्रिक आम्ल हे त्याचे प्रमाण आहे. ताज्या लिंबाची आम्लता कमीअधिक असते, म्हणून बाटलीबंद रसाचा आग्रह धरला जातो. ठेचलेले टोमॅटो गरम भरल्यास अशी बरणी समुद्रसपाटीलगतच्या प्रदेशात ४५ मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावी लागते. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळत असल्याने तेथे हा वेळ वाढवावा लागतो.

आजीच्या पद्धतीने भरलेल्या बरण्यांनी कधी कोणाला अपाय झाला नाही, हा अनुभव अनेक कुटुंबांत प्रामाणिक होता. परंतु अपाय न होणे आणि अपायाची शक्यता नसणे यांत अंतर आहे. प्रात्यक्षिक कार्यकर्तीला घरोघरी हेच अंतर समजावून सांगावे लागले.

७. दोन महायुद्धे आणि राष्ट्रकार्य बनलेली बरणी

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. चार्ल्स लॅथ्रॉप पॅक यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय युद्धउद्यान आयोगाने घरोघरी बागा लावण्याचा व उत्पादन साठवण्याचा प्रचार केला. आयोगाच्या अंदाजानुसार १९१८ मध्ये अशा बागांची संख्या ५० लाखांवर गेली आणि सुमारे १४५ कोटी क्वार्ट अन्न घरी साठवले गेले. कथलाच्या पत्र्याची चणचण असल्याने काचेच्या बरण्यांवर व वाळवणुकीवर भर देण्यात आला. दक्षिणेतील टोमॅटो मंडळांत तयार झालेल्या कार्यकर्त्या या मोहिमेत शिक्षिका म्हणून उपयोगी पडल्या.

दुसऱ्या महायुद्धात हे चित्र अधिक व्यापक झाले. साखरेचे नियंत्रण १९४२ मध्ये आणि डबाबंद पदार्थांचे नियंत्रण १ मार्च १९४३ पासून लागू झाले. बाजारातील डबा गुणांच्या कुपनावर मिळू लागल्याने घरच्या बरणीचे मोल वाढले. १९४३ मध्ये सुमारे दोन कोटी विजयउद्याने होती आणि त्या वर्षी अमेरिकन घरांत सुमारे ४०० कोटी बरण्या व डबे भरले गेले, असे अंदाज उपलब्ध आहेत. गावांत सामुदायिक डबाबंदी केंद्रे चालवली गेली. फळीवर ओळीने लावलेल्या बरण्यांचे चित्र देशभक्तीचे प्रतीक म्हणून भित्तिपत्रकांवर झळकले. तीन दशकांपूर्वी ज्या कामाकडे मुलींचा छंद म्हणून पाहिले गेले होते, ते आता राष्ट्रीय अन्नधोरणाचे अंग झाले. मात्र त्या गौरवात मुलीच्या स्वतंत्र उत्पन्नाचा मुद्दा मागे पडला व त्यागी गृहिणीची प्रतिमा पुढे आली, हेही नमूद केले पाहिजे.

८. युद्धोत्तर काळ

शीतपेटी, महामार्ग व मोठी किराणा दुकाने यांमुळे युद्धानंतर हिवाळ्यातही ताजा टोमॅटो मिळू लागला आणि घरगुती साठवणुकीची निकड ओसरली. तथापि संकटकाळी ती पुनःपुन्हा वर आली. १९७० च्या दशकातील महागाईत परसबागा वाढल्या आणि १९७५ मध्ये बरणीच्या झाकणांची देशव्यापी टंचाई जाणवली. २०२० मध्ये कोविड महासाथीच्या काळात अशीच टंचाई पुन्हा निर्माण झाली. दरम्यान २००० साली जॉर्जिया विद्यापीठात घरगुती अन्नसंरक्षणाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. ज्या दक्षिणेत पहिली मंडळे निघाली त्याच प्रदेशातून या विषयाचे अधिकृत मार्गदर्शन देशभर होऊ लागले.

या परंपरेचा एक दूरस्थ धागा भारतापर्यंत येतो. १९६० साली पंतनगर येथे स्थापन झालेले कृषी विद्यापीठ अमेरिकन लँड-ग्रँट महाविद्यालयांच्या धर्तीवर उभारण्यात आले. शिक्षण, संशोधन व विस्तार यांची सांगड घालणारा हा नमुना पुढे इतर राज्यांतील कृषी विद्यापीठांनीही स्वीकारला. आज महाराष्ट्रातील कृषी विज्ञान केंद्रांत महिला बचतगटांना फळे व भाज्यांच्या प्रक्रियेचे प्रशिक्षण दिले जाते. त्यामागील प्रात्यक्षिकाचे तत्त्व या इतिहासाशी नाते सांगणारे आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) टोमॅटोची हिवाळी बेगमी हे घरगुती काम असले तरी दक्षिणेकडील राज्यांत त्याचा कर्ज, आहार व आरोग्य यांच्याशी थेट संबंध होता.

२) टोमॅटो मंडळांनी स्त्रीचे कार्यक्षेत्र घरापुरते मानले. परंतु जमिनीचा तुकडा, हिशेबाची वही आणि विक्रीचे पैसे मुलीच्या हाती दिल्याने त्यांचा प्रत्यक्ष परिणाम प्रवर्तकांच्या हेतूपलीकडे गेला.

३) स्त्रियांच्या या कामातूनच गृहविज्ञान विस्ताराची शासकीय यंत्रणा व शिक्षित ग्रामीण स्त्रीचा नवा व्यवसाय आकारास आला.

४) वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय मुलींना समान निधी व समान संधी मिळाली नाही. त्यांच्या समाजातील कार्यकर्त्यांनी अपुऱ्या साधनांतून समांतर कार्य उभारले व त्याची स्वतंत्र नोंद होणे आवश्यक आहे.

५) सुरक्षित साठवणुकीचे ज्ञान स्थिर नव्हते. नव्या संशोधनानुसार जुनी खात्री सोडून देण्याची तयारी हाच त्याचा टिकाऊ भाग ठरला.

हिवाळ्यात उघडली जाणारी टोमॅटोची बरणी रिकामी होताच तिच्यातील श्रमांची खूणही पुसली जाते. एकेन काउंटीतील मुलींच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण त्यांनी डब्यांबरोबर आपला जमाखर्चही लिहून ठेवला होता. स्त्रियांच्या घरगुती श्रमांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकांसाठी अशा वह्या हे मोलाचे साधन होय.